गडाची चढण कुणी अवघड केली?

एका दिवसात उरकणाऱ्या गडाचा बेत आखायला बसले, की पहिला प्रश्न श्रेणीचा निघतो. गड सोपा, मध्यम की कठीण? मग त्याच्या मागोमाग बाकीचे येतात: रॉक पॅच आहे का, दोर लागेल का, वरच्या टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, उतरताना अंधार तर गाठणार नाही ना? या श्रेणीकडे आपण डोंगराचा स्वभाव म्हणून पाहतो. सह्याद्री मुळातच ताठ, गड त्याच्याही डोक्यावर, आणि ही ताठ चढण रोज चढणारे मावळे म्हणजे कुणी वेगळ्याच हाडाची माणसे, अशी आपली समजूत असते. मात्र आज भटक्यांच्या पुस्तकांत ज्या गडांपुढे ‘कठीण’ असे लिहिलेले असते, त्यांतल्या बऱ्याच गडांचा अवघडपणा दोनशे वर्षांपलीकडचा नाही. तो डोंगराने दिलेला नाही आणि गड बांधणाऱ्यानेही नाही. १८१८ साली आणि त्यानंतर कंपनी सरकारने सुरुंग लावून वाटा उडवल्या, मग गडावरची शिबंदी गेली, आणि शिबंदीबरोबर दरसाल वाट नीट करणारे हातही गेले. आपण ज्याला गडाचे काठिण्य म्हणतो तो पुष्कळदा एका पराभवाचा शिल्लक राहिलेला पुरावा असतो. त्यामुळे गड कसा चढायचा हे ठरवण्याआधी तो कसा मोडला, हे विचारणे फायद्याचे ठरते.

याचा पडताळा घ्यायला मळवलीसारखी जागा दुसरी नाही. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडल्यावर दक्षिणेला दोन गड जवळजवळ खांद्याला खांदा लावून दिसतात, लोहगड आणि विसापूर. मध्ये फक्त गायमुख खिंड. दगड एकच, पाऊस एकच, दोघांची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडी वर, आणि विसापूर लोहगडापेक्षा जेमतेम पन्नास मीटर उंच. दोन्ही गड कर्नल प्रॉथरच्या फौजेने मार्च १८१८मध्ये पाठोपाठ घेतले. तरी आजचा अनुभव पाहा. लोहगडावर आजीला घेऊन, पायात चपला घालून जाणारी कुटुंबे दर रविवारी दिसतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागोमाग एक येतात. वाट दर वळणाला उलटी फिरते, त्यामुळे चढ पायाला लागत नाही, पण खालून येणारा माणूस दर वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात सापडतो. नारायण दरवाजापाशी भात-नाचणी साठवायची जागा आहे, म्हणजे धान्य घेऊन येणाऱ्याला बालेकिल्ल्यापर्यंत ओझे वाहावेच लागत नव्हते. या वाटेची शेवटची मोठी डागडुजी नाना फडणीसांच्या काळातली. आपला खजिना त्यांनी याच गडावर ठेवला होता, तेव्हा वाट पक्की आणि दरवाजे मजबूत ठेवण्यात त्यांना चांगलाच रस होता. आता शेजारचा विसापूर पाहा. तिथे वर जाताना धोंड्यांनी भरलेल्या घळीतून, पावसाळ्यात तर पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यातून, हातापायांनी चढावे लागते. कारण विसापूरचे कोकणाकडचे आणि देशाकडचे असे दोन्ही दरवाजे इंग्रजांनी उडवले, तर लोहगडाचे चारही राखले आणि पुढे १८४५पर्यंत गडावर थोडी शिबंदीही ठेवली. दोन सख्ख्या शेजाऱ्यांपैकी एकाची श्रेणी ‘सोपी’ आणि दुसऱ्याची ‘मध्यम’, पावसाळ्यात तर त्याहून वरची. हा फरक डोंगराने पाडलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, लोहगड सोपा आहे तो पुरातत्त्व खात्याच्या डागडुजीमुळे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. डागडुजीला आधी काहीतरी शाबूत असावे लागते. कमान उभी होती म्हणून तिचे दगड सांधता आले, पायरी जागेवर होती म्हणून ती पुन्हा बसवता आली. विसापूरला सांधायला कमानच उरली नाही.

कंपनीने हे का केले याची कारणे साधी, हिशेबी आहेत. दुसरा बाजीराव पेशवा पळत होता आणि त्याच्यामागे फौजा लागल्या होत्या, त्याच काही महिन्यांत एकेक गड पडत गेला. फेब्रुवारीत सातारा, मार्चच्या आरंभी सिंहगड, मग पुरंदर, त्याच महिन्यात कोरीगड, एप्रिलमध्ये त्र्यंबक आणि वासोटा, आणि १० मे रोजी रायगड. उन्हाळा संपेपर्यंत इंग्रजांच्या पदरात इतके गड पडले, की त्या प्रत्येकावर पहारा ठेवायचा तर त्याचा पगार मुलुखाच्या वसुलीलाच खाऊन टाकला असता. बरे, ते तसेच सोडावेत तर उद्या कुणीतरी पन्नास माणसांनिशी वर जाऊन बसणार आणि त्याला खाली उतरवायला पुन्हा तोफा ओढाव्या लागणार. ही भीती काही पोकळ नव्हती. पुढे पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी आणि अकोले-जुन्नरच्या डोंगरात राघोजी भांगरे यांनी सरकारला जे दमवले ते याच रानाच्या आणि कड्यांच्या आधाराने. म्हणून स्वस्तातला उपाय निघाला. सगळा तट पाडायची गरज नाही, सगळी टाकीही बुजवायला नकोत, फक्त वर जाणारी वाट जिथे कातळातून कोरली आहे तेवढा तुकडा उडवायचा. बारा हातांचा जिना गेला की दोनशे एकरांचा गड निकामी. अलंग, मदन, चावंड, जीवधन या गडांवर आज जिथे जिथे भटक्यांचा श्वास अडतो, ते ठिकाण नेमके हेच.

ज्या गडांचा कंपनीला उपयोग होता त्यांचे नशीब मात्र उलटे निघाले. पुरंदरची थंड हवा आजारी गोऱ्या सैनिकांना मानवेल असे दिसले, तिथे आरोग्यधाम उभे राहिले आणि रस्ताही आला. पुण्याच्या साहेबांना उन्हाळ्यात सिंहगड जवळ पडत होता, तिथे बंगले झाले. आज हे दोन्ही गड गाडीने जाता येणारे आणि म्हणून ‘सोपे’. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना कुठला गड नको होता आणि कुठला हवा होता, त्याची यादी आपण दोनशे वर्षांनी श्रेणी म्हणून वापरतो आहोत. गड मोडण्याची दुसरी लाट १८४४ची. कोल्हापूर संस्थानात पिढीजात गडकऱ्यांच्या इनाम जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचा घाट घातला गेला, तेव्हा सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले. त्या वर्षाच्या अखेरीस ते बंड मोडले, आणि त्याची शिक्षा माणसांबरोबर दगडांनाही झाली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी पाडला गेला.

पण १८१८च्या आधी या वाटा खरोखरच चालण्याजोग्या होत्या, हे कशावरून? वाट मोडली एवढ्याने ती पूर्वी सोयीची होती असे सिद्ध होत नाही. तिथे पुरावा गडमाथ्याचा. जीवधनच्या माथ्यावर दगडी कमानींचे भक्कम कोठार आहे, चावंडवर टाक्यांचा समूह आहे, अलंगवर टाकी, गुहा आणि वाड्यांची जोती आहेत. कोठार कुणी शोभेसाठी बांधत नाही. साधा हिशेब करून पाहू. गडावर दीडशे माणसांची शिबंदी धरा, माणशी दिवसाला किलोभर धान्य धरा. पावसाळ्याचे चार महिने वाटा निसरड्या, म्हणून तेवढ्या दिवसांची बेगमी आधीच करून ठेवायची. म्हणजे झाले अठरा हजार किलो. डोक्यावर पंचवीस किलोचे पोते घेऊन चढणारा माणूस धरला, तर सातशे वीस खेपा. यात मीठ, तेल, तूप, सरपण, वैरण, दारूगोळा, छपरांची पेंढी काहीच धरलेले नाही. आणि हे एकदा नव्हे, दर उन्हाळ्यात. आज जीवधनच्या ज्या कातळटप्प्यावर पाठीवरची छोटी सॅकसुद्धा खाली ठेवून आधी दोराने वर ओढून घ्यावीशी वाटते, तिथून सातशे पोती जाणे शक्यच नाही. ती गेली असतील तर तिथे माणसाला दोन्ही हात ओझ्याला देऊन, नुसत्या पायांनी चढता येईल असा जिना होता, असेच मानावे लागते. अलंग-मदनच्या शेजारचा कुलंगही हेच सांगतो. त्याच रांगेत, तेवढाच उंच, चढ दमछाक करणारा, पण पायऱ्या बव्हंशी जागेवर असल्याने तिथे दोर लागत नाही. कुलंग चढताना घाम निघतो, अलंग-मदन चढताना हार्नेस बांधावा लागतो.

शिवाय गडावर नुसते लढवय्ये राहत नव्हते. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस ही गडाची रचना सभासदाच्या बखरीपासून परिचयाची आहे. यातले दोघे तर लेखणीची माणसे, जमाखर्च आणि कोठीचा हिशेब ठेवणारी. त्यांची बायकामुले, लोहार, गवंडी, पुजारी, गुरे, सगळे वर. पायथ्याला घेऱ्यातली गावे आणि मेटे; तिथे कोळी, रामोशी, महार, मांग, बेरड चौकी-पहारा करत, रान राखत आणि वाटेवर लक्ष ठेवत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीभोवतालच्या वाड्यांना आजही मेटघर किल्ला म्हणतात, आणि सिंहगडाच्या पायथ्याचे महसुली गाव ‘घेरा सिंहगड’ याच नावाने सातबारावर आहे. गड आणि घेरा यांच्यात रोजची ये-जा होती, दूध, भाजी, निरोप, कामकरी. दरवाजा सूर्यास्ताला बंद होई आणि सूर्योदयाला उघडे. हिरकणीची कथा घ्या. ती इतिहास म्हणून कुणी मांडू नये, पण तिच्यात गृहीत काय धरले आहे ते लक्षात घेण्यासारखे आहे: एक गवळण सकाळी दूध घेऊन रायगडावर जाते आणि संध्याकाळी घरी परतते, यात सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला काहीच नवल वाटत नाही. नवल आहे ते दरवाजा बंद झाल्यावर ती कड्यावरून उतरली याचे.

रायगडाविषयी याहून पक्का दाखला परक्याचा आहे. १६७४च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाच्या बोलणीसाठी आला आणि राज्याभिषेकाला हजर राहिला. २२ मे रोजी दुपारी तीनच्या सुमारास पाचाडहून निघून सूर्यास्ताच्या वेळी आपण वर पोहोचलो, अशी त्याची नोंद आहे. कोकणातला मे महिना, मुंबईहून आलेला व्यापारी कंपनीचा अधिकारी, बरोबर नजराण्याचे सामान आणि नोकरचाकर, तरी तीन-साडेतीन तासांत गड गाठला.  वर जाणारी वाट एकच, तिच्यावर दोन अरुंद दरवाजे आणि भक्कम तट, बाकी सगळीकडे सरळ कडा, असे वर्णनही त्याने केले आहे. माझ्या मते गडाच्या वाटेची इतकी नेमकी व्याख्या दुसरीकडे सापडत नाही. बाकी सगळीकडे कडा, आणि एक वाट. ती एक वाट चालता यायलाच हवी, नाहीतर राजधानी कसली? १८१८मध्ये याच गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई राहत होती. पेशव्यांच्या घरातली बाई दोराला धरून वर गेली नसणार, हे सांगायला कागद लागत नाही.

इथे माझ्या विरोधातला पुरावाही त्याच ऑक्झिंडेनच्या लिखाणात आहे, तो लपवून चालणार नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी राजवाड्याच्या दरवाजापाशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन घोडे उभे दिसले, आणि इतक्या अवघड, धोक्याच्या वाटेने हे वर आणले कसे, याचे त्याला आश्चर्य वाटले. म्हणजे वाट अवघड होतीच. जिजाबाईंचा वाडाही वर नव्हे, पाचाडला होता. आणि वाट अवघड असावी ही तर गड बांधणाऱ्यांचीच इच्छा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याविषयी स्पष्ट सूचना आहेत: दरवाजा समोरून माऱ्यात सापडू नये, एकाच दरवाजावर भिस्त ठेवू नये, चोरदिंड्या असाव्यात, सुगम वाटा मोडाव्यात, घेऱ्यातली झाडी जतन करावी. तेव्हा ‘वाटा इंग्रजांनीच मोडल्या’ असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. मराठ्यांनीही कडे तासले, वाटा मोडल्या. फरक मोडण्याच्या हेतूत आहे. अमात्य दहा वाटांपैकी आठ बुजवायला सांगतात, ते उरलेल्या दोन आपल्या ताब्यात राहाव्यात म्हणून. कंपनीने नेमक्या त्या उरलेल्या दोन उडवल्या. पहिल्याने गड राखला जातो, दुसऱ्याने गड मरतो. आणि आज आपण ज्या नळीतून किंवा घसाऱ्यावरून चढतो, ती कित्येक ठिकाणी गडकऱ्यांनी शत्रूला येऊ नये म्हणून सोडून दिलेली किंवा गुराख्यांनी नंतर शोधलेली वाट असते. पाहुण्याने पुढचे दार बंद म्हणून मागच्या मोरीतून शिरावे आणि घर फार अडचणीचे आहे असे सांगत सुटावे, तसे आपले होते.

हरिहरचे उदाहरण माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त अडचणीत आणते. त्र्यंबक पडल्यावर शरण आलेल्या गडांपैकी हा एक. त्याचा जिना शाबूत आहे आणि तरीही तो छातीत धडकी भरवतो. कॅप्टन ब्रिग्जने १८१८मध्ये, म्हणजे काहीही मोडतोड होण्याआधी तो पाहिला तेव्हा त्या उभटपणाचे वर्णन करायला शब्द अपुरे आहेत, ही शिडीच आहे, अशा अर्थाचे लिहून ठेवले. तेव्हा काही गडांची चढण मुळातच भयंकर होती, हे मान्य. पण हरिहरचा जिना जवळून पाहावा. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना हाताची बोटे बसतील अशा खोबणी कोरल्या आहेत. खोबण अशा उंचीवर आहे की पाय पायरीवर टेकताच हात आपोआप तिच्यात जातो. ज्याने हा जिना कोरला त्याला शत्रूला रोखायचे होते, पण आपल्या माणसाचा पाय घसरू नये याची काळजीही तेवढीच होती. चढणाऱ्याने जिवावर उदार व्हावे अशी त्याची अपेक्षा दिसत नाही. अपवाद म्हणून हरिहर मी मोजतो, पण तोही शेवटी माझ्याच बाजूने थोडी साक्ष देतो.

आणखी एक आक्षेप निसर्गाचा. सह्याद्रीत पाऊस काय कमी पडतो? बेसाल्टला उभ्या भेगा, त्यात पाणी, त्यात वड-पिंपळाची मुळे. दोनशे वर्षांत पायऱ्या आपोआप ढासळणार, त्याला सुरुंग कशाला? हे बऱ्याच गडांना लागू आहे. पण निसर्ग आणि सुरुंग यांची मोडतोड सारखी दिसत नाही. पावसाने वाट मोडली की ती पसरट मोडते: पायऱ्या मातीखाली जातात, कडेचा बांध खचतो, वरून आलेला दगडगोटा साचतो, सगळी वाट थोडीथोडी खराब होते. सुरुंगाची मोडतोड एका जागी असते. चावंडला खालचा कातळटप्पा पायऱ्यांवाचून उघडा पडलेला, आणि त्याच्या वर दरवाजापर्यंत रुंद, उंच, दणकट पायऱ्या जशाच्या तशा. पावसाने खालचाच तेवढा भाग वेचून खाल्ला असे मानणे जड जाते. आणि जिथे खरोखर पावसानेच वाट नेली, तिथेही प्रश्न उरतोच की आधीची दोन-तीनशे वर्षे तोच पाऊस पडत असताना ती का गेली नाही? कारण दर दिवाळीनंतर कुणीतरी पायरी बसवत होते, चर काढत होते, मुळे तोडत होते. ते करणाऱ्यांच्या जमिनी आणि वतने गेली, मग ते कामही गेले.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आजच्या एका वादात याचा थेट उपयोग आहे म्हणून. चावंडला लोखंडी कठडे बसले, रायगडावर रोपवे आला, इतर गडांवर शिड्या लागल्या. दर वेळी एक गट ओरडतो की याने गडाचे मूळ रूप बिघडते, थरार जातो. थरार जातो हे खरे. मूळ रूप बिघडते हे मात्र चावंडपुरते तरी खोटे, कारण आपण ज्याला मूळ म्हणतो आहोत तो १८१८नंतरचा अवशेष आहे. उडवलेल्या जिन्याच्या जागी माणसाला सुखरूप चढता येईल अशी सोय करणे हे गडाच्या मूळ हेतूच्या जास्त जवळ जाते. ती सोय बटबटीत नसावी, कातळात वेडीवाकडी भोके पाडून केलेली नसावी, काढता येण्याजोगी असावी, हे म्हणणे रास्त आहे आणि त्यावर भांडावे. रोपवे ही वेगळी गोष्ट. तो वाटेला वळसा घालतो आणि वाट वाचायची संधीच काढून घेतो, म्हणून मला तो कठड्यांच्या पंगतीत बसवता येत नाही.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात लोहगड आहे, विसापूर नाही. निवडीची कारणे अनेक असतील, पण जे शाबूत राहिले तेच डोळ्यांत भरते, हेही त्यांतले एक असणारच. तेव्हा पुढच्या रविवारचा बेत ठरवताना एक करावे. चढाईला किती तास लागतात याबरोबर ही वाट मूळची कुठली, राजमार्ग की चोरवाट की गुराख्यांची नळी, आणि मूळ वाट कुणी कधी मोडली, हेही शोधावे. मळवलीला उतरणार असाल तर दोन्ही गड एकाच दिवशी करा, आधी विसापूर आणि मग लोहगड, म्हणजे दिवस मावळायच्या आत उतरायला सोपी वाट हाताशी राहील. आणि वन खात्याने आणि पुरातत्त्व खात्याने पायथ्याच्या फलकावर ‘चढाई श्रेणी: कठीण’ असे लिहिताना त्याखाली कारणही लिहावे: वाट सुरुंगाने उद्ध्वस्त, इ. स. १८१८.